फायटरची बादली

फायटर मासा कशातही जगतो, असं तो विकणारा प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो. बाटलीत ठेवा, बरणीत ठेवा, हवेची नळी नको, काही नको. हे अर्धंच खरं आहे. अर्धं खरं सांगणाऱ्या लोकांचा मला फार राग येतो, आणि त्या रागातून मी स्वतःलाही सोडत नाही. फायटर पाण्याच्या वर तोंड काढून हवा पितो, म्हणून थोडक्या पाण्यात तग धरतो, एवढंच. पाणीच वाईट असेल तर तोही मरतो, आणि इतर माशांपेक्षा जास्त हाल होऊन मरतो.

सत्तर साल उलटून गेलं होतं. आम्ही कासारवाडीत, स्टेशनच्या बाजूला, दहा खोल्यांच्या चाळीत राहायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको. मी एका छोट्या कारखान्यात टर्नर होतो. पत्र्याची शेड, मोठ्या कंपन्यांना नटबोल्ट पुरवायचे, आणि मागच्या शेडमध्ये त्या नटबोल्टांना केमिकलमध्ये बुडवून प्लेटिंग, म्हणजे धातूचा मुलामा, करायचं. मागच्या शेडमधल्या लोकांचे हात कायम पिवळट असत आणि ते कायम खोकत, पण आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे. त्यावर उतारा म्हणून त्यांना रोज गूळ मिळायचा, म्हणून उलट आम्ही त्यांच्यावर जळायचो.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, लेथला झेंडूचे हार घालून झाले, की पेढ्यांबरोबर आमच्याकडे चिठ्ठ्या निघत. प्लेटिंगचं केमिकल लोखंडी पिंपांतून येई. वर्षभरात रिकामी झालेली पिंपं मालक भंगारात न घालता कामगारांना वाटायचा, आणि त्यासाठी आम्ही त्याला देवमाणूस म्हणायचो. पिंप घरात असणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी दिवसभर नळ वाहतो त्यांना नाही कळायचं. आमच्या चाळीत पाणी सकाळी तासभर येई, तेही करंगळीएवढ्या धारेनं. ज्या वर्षी माझी चिठ्ठी निघाली त्या वर्षी मला लग्नात झाला नव्हता एवढा आनंद झाला. हे मी बायकोला बोलून दाखवलं आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पिंप हातगाडीवरून घरी आणलं. त्यावर इंग्रजी मजकुराचा एक लाल कागद चिकटवलेला होता. मला इंग्रजी यायचं ते ड्रॉइंगवरच्या आकड्यांपुरतं. तो कागद कुणाकडून तरी वाचून घ्यावा, असं माझ्या मनातही आलं नाही. मी तो पत्र्याच्या तुकड्यानं खरवडून काढला. सुपरवायझर म्हणाला होता, "सोड्यानं दोनदा धू राव, मग दूध ठेवलंस तरी चालेल." मी तीनदा धुतलं. बाहेरून यंत्रांचा हिरवा रंग दिला, खाली तोटी बसवून घेतली. चाळीतल्या बायका बघून गेल्या, आणि बायकोनं पहिल्याच दिवशी विचारलं,

"ह्याला वास कसला येतोय ओ?"

"रंगाचा," मी म्हणालो. "जाईल."

वास गेला. किंवा आम्हाला त्याची सवय झाली. माठसुद्धा आम्ही त्याच पिंपातून भरायचो.

मासे माझ्या आयुष्यात आले ते चाचांमुळे. स्टेशनकडून हमरस्त्याला जाताना त्यांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. पन्नाशीचा माणूस, कोपरापर्यंत ऑइल, आणि गॅरेजच्या आतल्या फळीवर ओळीनं काचेच्या चौकोनी बरण्या. रेल्वेच्या जुन्या बॅटऱ्यांची ती जाड भांडी होती, भंगारातून आणलेली. प्रत्येकीत एकच फायटर. निळा, तांबडा, हिरवट, आणि एक असा की त्याला नक्की कुठला रंग म्हणावा ते कळेना. दोन बरण्यांमध्ये पुठ्ठा लावलेला असे. चाचा मधला पुठ्ठा उचलत, तेव्हा दोन्ही मासे कल्ले फुलवून, पंख ताणून एकमेकांकडे काचेवर धावून येत. मिनिटभर तमाशा दाखवून चाचा पुठ्ठा परत खाली सोडायचे. जास्त वेळ चिडवलं तर मासा थकून आजारी पडतो, म्हणायचे. शिफ्ट सुटली की मी घरी जायच्या आधी तिथं अर्धा तास उभा राहायचो.

चाचांची एक रीत होती. बरणी कितीही धुतली, लिंबानं घासली, उन्हात ठेवली, तरी ते त्यात लगेच फायटर सोडत नसत. आधी दोन गप्पी. गप्पी म्हणजे नाल्यातसुद्धा जगणारी चिल्लर मासळी. महिनाभर गप्पी नीट जगले, तर मग फायटर. "जिस बर्तन में गप्पी नहीं जिया," ते मला म्हणाले, "उसमें मैं हात धुवायचं पाणीसुद्धा ठेवत नाही."

त्यांनीच मला एक बरणी दिली आणि पुण्याहून एक मासा आणून दिला. अंग निळं, शेपूट आणि पंख डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल. बरणीतलं पाणीही त्यांच्याच हौदातलं. बजावून सांगितलं की पाणी कधी पूर्ण बदलायचं नाही, आठवड्याला पाव हिस्सा काढायचा आणि तेवढंच नवं घालायचं. खायला डासांच्या अळ्या द्यायच्या, त्याही मोजक्या, कारण फायटर हावरट असतो आणि पोट फुगून मरतो. तो चैत्र होता. त्याच महिन्यात बायकोला दिवस गेल्याचं कळलं. माझं बरं चाललं होतं, आणि मी ते चारचौघांत सांगतही होतो.

अळ्या गोळा करण्यासाठी मी चहाची गाळणी घेऊन चाळभर फिरायचो. प्रत्येकाच्या पिंपात, टाकीत, फुटक्या माठात त्या वळवळत असायच्या. "आले अळीवाले," म्हणून बायका हसायच्या. आमच्या पिंपात मात्र एकही अळी नसे. झाकण दोन दिवस उघडं राहिलं तरी नाही. बायकोला त्याचा अभिमान होता.

"आपल्या पिंपात बगा, एक किडूक न्हाई," ती शेजारणींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची. "धुवायला हात लागत्यात."

मी हसायचो. मला वाटायचं, बाई खरंच स्वच्छ आहे.

आषाढात चाचा मराठवाड्यात त्यांच्या गावी गेले, पुतणीच्या लग्नाला. तोपर्यंत पाणी बदलायला मी त्यांच्याच हौदातलं आणायचो. गॅरेजला कुलूप लागलं, म्हणून त्या आठवड्यात मी आमच्या पिंपातलं पाणी घातलं. पाव हिस्साच. दुपारपर्यंत मासा ठीक होता. संध्याकाळी कामावरून आलो तर त्यानं पंख मिटून घेतले होते, ओली छत्री मिटावी तसे. रंग उतरला होता. तो तळाशी पडून राहायचा, मग एकदम धडपडत वर येऊन हवा घ्यायचा आणि तिरका होऊन परत खाली जायचा. वर यायचा, खाली जायचा. दुसऱ्या दिवशी त्याला वर येता येईना. मी त्याला गाळणीत घेऊन पाण्याच्या काठाशी धरून ठेवलं, हवा मिळावी म्हणून. तो तिथंच गेला.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते उडून जायला हवं होतं. म्हणून मी पिंपातलं पाणी बादलीत काढून दोन दिवस उघडं ठेवलं, बरणी त्यानंच भरली आणि पुण्याला जाऊन स्वतः दुसरा फायटर आणला. हा सगळा तांबडा होता. तो एका दिवसात मेला.

श्रावणात चाचा परत आले. मी रिकामी बरणी घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी बरणी उजेडात धरली, हुंगली, आणि विचारलं, "पानी कौनसा डाला?"

"घरचंच. पिंपातलं."

"पिंप कसला?"

मी सांगितलं. प्लेटिंगचं म्हटल्यावर त्यांचे हात थांबले. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "वो पानी तुम लोग पिते क्या?"

"नाही, नाही," मी म्हणालो. "वापरायलाच फक्त."

हे माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं की आजही नवल वाटतं. मला कुणी मारणार नव्हतं. पण ते पिंप मी हातगाडीवर घालून, सगळ्या चाळीला दाखवत आणलं होतं. ते चुकीचं होतं असं एका मेकॅनिकसमोर कबूल करायला माझी जीभ रेटेना. चाचांनी आत जाऊन एका बाटलीत दोन गप्पी दिले. "घरी जाऊन पिंपात टाक. आठ दिवस जिये तो ठीक. नहीं तो लाथ मार उसको, भंगारात दे."

मी बाटली घेऊन घरी आलो. बायको भाकऱ्या करत होती. तिचं पोट तेव्हा नुकतं दिसायला लागलं होतं. मी पिंपाचं झाकण उघडलं आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिलो. आत पाणी निवळ होतं, तळाचा गंज दिसत होता. गप्पी मेले तर मला तिला सांगावं लागणार होतं. दहा महिने आपण हे पितोय, आणि तुझ्या पोटातलं चार महिने पितंय, हे मला माझ्या तोंडानं म्हणावं लागणार होतं. मी झाकण लावलं. रेल्वेच्या पलीकडे एका मळ्यात विहीर होती, तिथं गेलो आणि गप्पी विहिरीत सोडले. येताना पुढच्या फायटरसाठी म्हणून विहिरीचं बादलीभर पाणी आणलं.

चार दिवसांनी चाचांनी विचारलं, "गप्पी जिये?"

"जिये," मी म्हणालो. आणि ते खरंच जगले होते, विहिरीत.

अगदीच काही केलं नाही असं नाही. पुढच्या रविवारी मी पिंप रिकामं करून आडवं पाडलं आणि बॅटरी लावून आत पाहिलं. तळाच्या जोडात, जिथं पत्रा दुमडलेला असतो, तिथं पिवळट खपली धरली होती. पान्यानं खरवडली तरी दुमडीच्या आत गेलेली काही निघेना. निघाली तेवढी काढली, सोड्यानं परत धुतलं आणि परत भरलं. स्वतःला सांगितलं की आता झालं. स्वतःला आणखीही पुष्कळ सांगितलं. मासा एवढासा, माणूस एवढा मोठा. माशाचे कल्ले कुठं आणि माणसाचं पोट कुठं. आपल्याला काही झालंय का? शेजारच्या चाळींत आणखी तिघांकडे याच कारखान्याची पिंपं आहेत, त्यांची पोरं काय मेलीत? शिवाय विहीर दहा मिनिटं लांब, घराला दिवसाला चार हंडे लागणार, ते आणायचे कुणी? पोटुशी बायको रूळ ओलांडणार? मी आणू शकलो असतो. शिफ्टच्या आधी दोन खेपा आणि नंतर दोन. तेवढं अंगात होतं तेव्हा.

मी तिसरा फायटर आणला. त्याच्यासाठी आठवड्याला एक बादली पुरायची. ती मी न चुकता आणायचो. तिच्यावर ताट झाकून ती कोपऱ्यात ठेवायचो आणि बायकोला ताकीद दिली होती की या बादलीला हात लावायचा नाही, भांड्यांचं खरकटं लागायला नको.

"नळाचं पानी का चालत न्हाई त्याला?" तिनं विचारलं.

"त्यात औषध असतं. त्याला सोसत नाही."

"माझ्यापरीस त्याचेच लाड जास्ती," ती हसून म्हणाली. तिला माझं माशांचं वेड आवडायचं. इतर पुरुष शिफ्ट सुटली की गुत्त्यावर जायचे, माझं तसं नव्हतं.

तिसरा फायटर विहिरीच्या पाण्यात असा खुलला की चाचासुद्धा येऊन बघून गेले. निळा, उजेडात हिरवा मारणारा. भाद्रपदात मी त्याच्यासाठी मादी आणली. फायटरची मादी मातकट असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. नर पाण्यावर तोंडानं बुडबुडे सोडून फेसाचं घरटं बांधतो, तिच्याभोवती अंग वेटाळून अंडी घालून घेतो, आणि मग तिला लगेच बाहेर काढावं लागतं, नाहीतर तो तिला फाडून काढतो. अंडी सांभाळतो तो एकटा. खाली पडलेलं प्रत्येक अंडं तोंडात उचलून परत फेसात थुंकतो. न खाता, न झोपता. मी तासन्‌तास ते बघत बसायचो आणि बायकोला हाका मारून दाखवायचो. ती भिंतीला टेकून उभी राहायची. तिच्या पायांना सूज आली होती आणि डोकं सारखं दुखायचं. सगळ्यांनाच येते सूज, असं मी म्हणायचो. शेजारणीही तेच म्हणायच्या, म्हणून मला ते पटायचं.

मला खात्री नव्हती, असं मी आजही म्हणतो. पण खात्री नसताना मी माशाला ते पाणी दिलं नाही.

खंडेनवमी आली. हार झाले, पेढे झाले, परत चिठ्ठ्या निघाल्या. बीडकडून नव्यानं आलेल्या एका पोरगेल्या वेल्डरला पिंप लागलं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "भाऊ, तुमच्याकडे आहे म्हणे, कसं धुवायचं?" माझ्या तोंडाशी शब्द आले होते. आजूबाजूला सगळे टाळ्या वाजवत होते, सुपरवायझर दोन पावलांवर उभा होता. मी म्हणालो, "सोड्यानं धू. तीनदा." आणि मीही टाळ्या वाजवल्या.

कार्तिकात, आठवा महिना लागला असताना, एका सकाळी बायको म्हणाली की कालपासून पोटात हालचाल नाही. आम्ही रिक्षानं सरकारी दवाखान्यात गेलो. मूल पोटातच गेलं होतं. मुलगा होता. नर्सनं मला कापडात गुंडाळून दाखवला. नखंसुद्धा आली होती. मी त्याला हातात घेतलं नाही, नको म्हणालो. नर्स म्हणाली, पहिलटकरणीचं असं होतं कधी कधी, अजून वय आहे तुमचं. डॉक्टरांनी रक्तदाब, सूज, असं काहीतरी लिहिलं. पाण्याचं कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. पाण्यानंच झालं असं मी म्हणू शकत नाही. पाण्यानं नाही झालं असंही मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही, आणि मी कुणाला विचारलेलंही नाही.

पाचव्या दिवशी तिला घरी आणलं. तिची आई दुसऱ्या दिवशी गावाहून यायची होती, तोवर घरात आम्ही दोघंच. दुपारची वेळ, चाळ शांत. अंथरुणावर बसून ती म्हणाली, "पानी द्या जरा."

मी उठलो, पेला घेतला. माठ माझ्या हाताशी होता, भरलेला. माझा हात माठाकडे गेला आणि तिथंच थांबला. मी कोपऱ्यात गेलो, बादलीवरचं ताट काढलं, पेला बुडवला आणि तिच्यापुढे धरला. मी काय करतोय हे तिच्या चेहऱ्याकडे पाहीपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"माशाचं पानी मला का?" ती म्हणाली.

"हे पी. हे चांगलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग कोपऱ्यातल्या बादलीकडे, मग हिरव्या पिंपाकडे. मावळातली शेतकऱ्याची पोर होती. जनावरांना कुठलं पाणी दाखवायचं आणि कुठलं नाही, हे ती लहानपणापासून जाणत होती. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

त्या वेळी तरी मी खरं बोललो.

"श्रावणापासून," मी म्हणालो.

ती बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. श्रावण, भादवा, आश्विन, कार्तिक. तिचा अंगठा चौथ्या पेरावर येऊन थांबला आणि ती मोठ्यानं रडायला लागली. दवाखान्यात ती रडली नव्हती.